आडनाव नसलेलं शहर

आमच्या घरात रविवारी विमान आलं की वाचन थांबायचं. दिल्लीच्या आर. के. पुरममधलं आमचं सरकारी क्वार्टर पालम विमानतळावर उतरणाऱ्या विमानांच्या बरोबर वाटेवर होतं. आवाज आधी खिडकीच्या काचांना कळायचा, मग आम्हाला. वाचणारा ओळीवर बोट ठेवून गप्प बसायचा, कुणी चहाचा घोट घ्यायचं, कुणी मांडीवरच्या ताटलीतला लसूण सोलून घ्यायचं, वरच्या मजल्यावरच्या कमलकाकू छताकडे बघून "जा बाप्पा, जा लवकर" म्हणायच्या, आणि आवाज विरला की वाचन अडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू. त्यामुळे त्या घरात वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाला माझ्या आठवणीत मध्येमध्ये भोकं आहेत. आता आम्ही गाझियाबादला राहतो, इथून विमानं फारशी जात नाहीत, तरी वाचता वाचता मी कारण नसताना थांबते आणि आई स्वयंपाकघरातून विचारते, "काय झालं गं?"

तिशीसुद्धा गाठली नाही आणि आत्मकथन कसलं लिहितेस, असंही तीच विचारते. तिच्या मते असलं काही म्हातारपणी लिहावं, तोवर भांडायला कुणी उरलेलं नसतं. मी म्हणते, म्हणूनच आत्ता लिहिते. ज्यांच्याशी भांडले ते सगळे धडधाकट आहेत, त्यांना काय उत्तर द्यायचं ते देऊ देत. माझं काम पत्रकं लिहिण्याचं, मोर्चाआधी वाटतात ती. त्यामुळे या पानांत मध्येच एखादी मागणी घुसलेली दिसली तर दचकू नका.

रविवारचं वाचन बाबांनी सुरू केलं होतं. सकाळी विहारात वंदना व्हायची आणि तिथून आमच्या सेक्टरमधली मंडळी सरळ आमच्याकडे यायची. सुरुवातीला पुरुषही असत. पण बाबांचा नियम असा, की जो ऐकेल त्याने नंतर बोललंच पाहिजे, आणि "चांगलं होतं" म्हटलेलं बोलणं धरलं जाणार नाही. या नियमाला घाबरून पुरुष एकेक करून गळाले. कुणाला क्रिकेट आठवलं, कुणाला गुडघा. बायका उरल्या. त्यांना बोलायची भीती नव्हती, उलट आठवडाभर साचलेलं असायचं. कमलकाकू चौथीपर्यंत शिकलेल्या, अमरावतीकडच्या एका खेड्यातल्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे दिल्लीत आलेल्या. शोभामावशी पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहायच्या. त्या एका सरकारी हॉस्पिटलात सिस्टर होत्या आणि नाइट ड्यूटी करून आल्या तरी वाचनाला डोळे उघडे ठेवून बसायच्या. आणखीही चारदोन जणी असायच्या, पण भांडणं या दोघींची. बाकीच्या बाजू घ्यायला यायच्या.

आई पोस्टात काउंटरवर बसायची. आठवडाभर लोकांशी हिंदीत बोलून तिला रविवारी मराठीत स्वयंपाक करायचा असायचा. ज्वारीचं पीठ दळून आणणं हा एक कार्यक्रमच होता. चक्कीवाल्याच्या लेखी ज्वारी म्हणजे गुरांचं खाणं. "भैंस रखी है क्या, बहनजी?" तो दर वेळी विचारायचा. "हां भैया, तीन हैं," आई शांतपणे सांगायची, म्हणजे बाबा, मी आणि ती. मग भाकरी आणि पाटवडी व्हायची. शिजवलेलं बेसन परातीत थापायचं, वर खोबरं आणि सांबार भुरभुरायचं. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. भाजीवाल्याकडे ती धनिया असायची, जिना चढून घरात आली की सांबार व्हायची. वड्या कापण्याचा सुरीचा तो ठक ठक आवाज, रश्श्याचा वास, बाहेर कबाडीवाल्याची आरोळी आणि मध्ये कुणाच्या तरी आवाजात चाललेलं पुस्तक. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींवर चिडले आहे, चिडणं हा माझा धंदाच आहे, पण त्या रविवारांवर चिडायला मला अजून काही सापडलेलं नाही.

बाबा एका मिनिस्ट्रीत असिस्टंट होते आणि संध्याकाळी कर्मचारी संघटनेची पत्रकं लिहायचे. मी वाचायला त्यावरच शिकले असं म्हटलं तरी चालेल. त्यांची शिकवण अशी: पहिल्या ओळीत कोण बोलतंय ते, दुसरीत कुणाशी, तिसरीत काय हवं आहे. राग शेवटी, जागा उरली तर. मी राग आधी लिहायचे आणि मागणीला जागा पुरायची नाही. बाबा लाल पेनने विशेषणं खोडत बसायचे. "हा 'निर्लज्ज' काय काम करतोय इथे? त्याला सुट्टी दे." गावठी शब्दही ते खोडायचे. त्यांची स्वतःची भाषा छापल्यासारखी शुद्ध होती, ते कुठल्या गावचे आहेत हे त्यावरून कुणालाच ओळखता आलं नसतं. आणि ते सांगतही नसत. कमलकाकू दर दोनचार महिन्यांनी विचारायच्या, "दादा, तुमचं गाव कोनतं?" बाबा म्हणायचे, "नागपूरकडे." आणि पुस्तकाचं पान उलटायचे.

माझं नाव मित्रा. पुढे बाबांचं नाव, प्रकाश. संपलं. आडनाव नाही. कागदावरून ते बाबांनी माझ्या जन्माआधीच काढून टाकलं होतं. त्यांचे आईवडील गेलेले, भाऊबहीण नाही, गावाकडे जाणंयेणं नाही. मामांचं आडनाव मला माहीत होतं, पण ते मामांचं. दिल्लीत "आगे क्या लगाते हो?" हा प्रश्न हवापाण्याची चौकशी करावी तसा विचारतात. बसमध्ये, ट्यूशनला, वाढदिवसाच्या पार्टीत. मैत्रिणीच्या आजीने तर हातात समोसा द्यायच्या आधी विचारला होता. बाबांनी मला उत्तर शिकवून ठेवलं होतं, "आगे फुल स्टॉप लगाते हैं." ते म्हणताना लहानपणी मला फार ऐट वाटायची. शाळेत एका नव्या मॅडमनी पटावर 'मित्रा' वाचलं, ते आडनाव धरून मला बंगाली समजल्या आणि आठवडाभर माझ्याशी बंगालीत बोलल्या. मीही मान डोलावत राहिले. काय बिघडलं?

बिघडलं ते अकरावीत, आणि ते कादंबरीमुळे. अभ्यासाला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. अभिजात, असं मुखपृष्ठावरच लिहिलेलं. तिचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की लोक पुस्तकावर बोलणं सोडून त्यावरच्या सिनेमावर बोलायला लागतात. गोष्ट अशी. नदीकाठी एक शहर आहे. मोठ्या यादवीनंतर तिथल्या कौन्सिलने ठरवलं, की माणसं घराण्यांवरून भांडतात, तेव्हा घराणंच नको. सगळ्यांची आडनावं पुसली, दारांवर नंबर लावले. आपला आजा कोण होता हे बोलणं गुन्हा. सगळ्यांना एकाच मापाचे करडे कोट, एकाच कढईतली लापशी, आणि संध्याकाळी घंटा झाली की प्रत्येकाने खिडकीशी उभं राहून आपण घरात आहोत हे दाखवायचं. नायक भांड्यांना कल्हई करतो. एक दिवस घरातल्याच जुन्या पातेल्याची काजळी खरवडताना त्याला बुडाशी कोरलेलं नाव दिसतं, आजोबांचं, आडनावासकट. तो चौकात जाऊन ते मोठ्याने म्हणतो. शिपाई येतात, त्याला घेऊन जातात, आणि कादंबरी संपते.

इंग्रजीच्या मॅडमनी फळ्यावर 'डिस्टोपियाची', म्हणजे असल्या भयाण कल्पित राज्याची, 'लक्षणं' लिहून दिली. सतत पाळत. माणसाची ओळख पुसणं. इतिहास पुसणं. सगळ्यांना एका साच्यात घालणं. भीती. आणि हे सगळं तुमच्या भल्यासाठीच आहे असं सांगणारी सत्ता. आम्ही ती डेंग्यूची लक्षणं पाठ करावीत तशी पाठ केली. मी मात्र नुसती पाठ केली नाहीत, मी पेटले. कल्हईवाल्यासाठी रडलेसुद्धा. आणि त्याच आठवड्यात जाहीर केलं की रविवारी हीच कादंबरी वाचायची, मी समोर इंग्रजी धरून मराठीत सांगत जाईन.

पातेल्याच्या बुडाशी नाव निघालं तोवर बायका खूश होत्या. भांड्यावर नाव घालणं म्हणजे अगदी घरचीच गोष्ट. शोभामावशींनी त्यांच्या आईच्या नावाची वाटी भिशीच्या गडबडीत कुणी पळवली ते सांगितलं, सगळ्या हळहळल्या. मग मी मागे जाऊन शहराचे कायदे नीट समजावून सांगितले, म्हणजे त्यांना दुःखाचा अंदाज यावा.

"आडनाव पुसलं?" कमलकाकूंनी विचारलं.

"हो. सगळ्यांचं."

"पाटलाचंही?"

"तिथे पाटील नाहीत, काकू. पण हो, सगळ्यांचंच."

"अन् लापशी एकाच कढईतली? सारे एका पंगतीत बसून?"

"हो ना."

"मंग वाईट काय हाय त्यात?"

मी फळ्यावरची लक्षणं वाचून दाखवली. ओळख पुसणं वगैरे. कमलकाकूंनी लसणाची ताटली बाजूला सारली. "आयक पोरी. आमच्या गावात आडनाव कळलं की घागर खाली ठेवा लागे. बाजूले उभं राहा लागे, कोनी वरून पानी टाकीन तवा भरे. मले नंबर भेटला असता तं मी नाचली असती वं! आठ नंबरची बाई आली, भरू द्या तिले पानी. झालं. तुह्या त्या कल्हईवाल्याले काय खाज सुटली चौकात जायची?"

"कमलताई, नंबर काय असतो ते मला विचारा," शोभामावशी म्हणाल्या. त्यांची झोप पार उडाली होती. "आमच्या वॉर्डात रोज ऐकते. बारा नंबरला सलाईन, बारा नंबर हलवा, बारा नंबर संपला. मी प्रत्येकाला नाव विचारते, पूर्ण. आणि माझं कुणी विचारलं ना, सिस्टर आगे क्या, तर आडनाव असं खणखणीत सांगते, की विचारणारा आपल्या चपला बघायला लागतो. माझ्या बापाचं नाव मी का पुसू? लाज त्यांना वाटू दे."

"तुमचं शिकेल लोकायचं येगळं हाय."

"शिकेलबिकेल काही नाही. उद्या सगळ्यांना नंबर दिले, तर विहिरीजवळचे नंबर कुणाला मिळतील, सांगा बरं?"

"पन घागर तं भरीन ना मी!"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "घंटा झाली की सगळ्यांनी घरात? पुरुषांनीसुद्धा? मला तर बरं वाटतंय हे शहर." तेवढ्यात विमान आलं, आणि आमच्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणी थांबलं नाही. दोघी विमानाच्या वर आवाज चढवून भांडत राहिल्या.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र काकूंचं गाव उभं राहिलं. गावाबाहेर ठरवून दिलेली वस्ती. ठरवून दिलेलं काम. ठरवून दिलेलं पाणी. कोण कुठे पाऊल टाकतं यावर सगळ्या गावाची नजर, आणि हेच तुमच्या भल्याचं आहे असं सांगणारे लोक. फळ्यावरची लक्षणं एकेक करून लावून बघा, एक चुकत नाही. त्याला कुणी डिस्टोपिया म्हटलं नाही. त्यावर आम्हाला 'रम्य ग्रामजीवन' म्हणून निबंध लिहायला लावले. एका गोऱ्या कल्हईवाल्याच्या आज्याचं आडनाव गेलं, की लगेच अभिजात कादंबरी! हे मी दुसऱ्या दिवशी वर्गात जसंच्या तसं हिंदी-इंग्रजीत बोलले. मॅडम रागावल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "मित्रा, बहुत अच्छा सोचा है. एग्ज़ाम में मत लिखना." मी अर्थातच लिहिलं. मार्क जायचे ते गेले. त्याबद्दल मला आजही काही म्हणायचं नाही.

पण आतलं वेगळंच होतं. वर्गात मी कमलकाकूंची बाजू मांडून आले खरी, मनात मात्र तो कल्हईवाला बसून राहिला होता. कारण काकूंना त्यांचं आडनाव माहीत होतं. शोभामावशींनाही होतं. एक नको म्हणत होती, दुसरी हवं म्हणत होती. मला काय म्हणायचं ते ठरवताच येत नव्हतं, कारण माझ्या हातात काहीच नव्हतं. पातेलंसुद्धा नव्हतं. आमच्या भांड्यांवर नुसतं 'प्रकाश'. त्या संध्याकाळी बाबा चहा घेत बसले होते. मी कादंबरी घेऊन समोर उभी राहिले.

"बाबा, आपलं आडनाव काय होतं?"

"आपल्याला आडनाव नाही."

"होतं की. तुम्ही काढलंत."

"मग नाही."

"हे कौन्सिलचं वाक्य आहे. पान काढून दाखवू?"

"मित्रा, तुला त्याची गरज नाही."

"हे तर त्याच्या पुढचंच वाक्य! बाबा, तुम्ही डिस्टोपिया आहात. चालताबोलता."

आई हसता हसता ओट्याला टेकली. बाबा हसले नाहीत. कप विसळून ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. नंतर आईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. ते त्यांचं आहे. सोडल्यापासून त्यांनी ते तोंडातून काढलेलं नाही. लग्नात सांगितलं तेही कागदावर लिहून."

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. मला घरातच शस्त्र शिकवलेलं होतं, मी पत्रक काढलं. 'प्रकाश यांना जाहीर सवाल.' दोन्ही बाजू भरून. त्यात हुकूमशाही होती, इतिहासाची हत्या होती, कल्हईवाल्याला लाल सलाम होता. मार्केटातून झेरॉक्स काढून आणल्या, एक कमलकाकूंच्या दाराखालून सरकवली, एक शोभामावशींना बसस्टॉपवर दिली, आणि एक बाबांच्या ताटाशेजारी ठेवली.

बाबांनी जेवता जेवता चष्मा लावला. खिशातून लाल पेन काढलं. 'हुकूमशाही'ला सुट्टी मिळाली. 'हत्या' गेली. सलाम गेला. पहिली बाजू पूर्ण खोडून झाली. दुसऱ्या बाजूला खाली, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात कोंबलेली एक ओळ होती. 'तुम्ही सोडलंत. मला सोडायलाही मिळालं नाही.' तिथे पेन थांबलं. भात गार होत होता. बाबांनी त्या ओळीभोवती चौकट काढली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"हे ठेव. बाकी काढ. पत्रक एवढंच आहे."

"आणि उत्तर?"

"संघटनेत पत्रकाला उत्तर तोंडी देतात. सगळ्यांसमोर. रविवारी देईन."

तो आठवडा घरात शांतता होती, रुसव्याची नव्हे, परीक्षेच्या आधी असते तशी. मला बाबांची रीत माहीत होती. सभेत एकदा जे बोलतील त्यावर ते आयुष्यात मागे फिरायचे नाहीत. रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर नाही म्हटलं, तर आमच्या घरात तो प्रश्न कायमचा मिटणार होता. आणि हो म्हटलं तर? जे नाव उच्चारायचं नाही यावर त्यांनी आपलं सगळं उभं केलं होतं, ते मी त्यांच्या तोंडून ओढून काढत होते. यातलं कुठलं बरं, ते मला कळत नव्हतं. पत्रक मात्र मी मागे घेतलं नाही. मागे घेतलेलं पत्रक ही काय वस्तू असते?

रविवारी घर भरलं. गळालेले पुरुषही परत आले, म्हणजे पत्रक बरंच फिरलं होतं. आईने पाटवडीची परात झाकून ठेवली, आधी ऐका मग खा म्हणाली. बाबा गेटमीटिंगला, ऑफिसच्या फाटकावरच्या सभेला, उभे राहतात तसे उभे राहिले, हात मागे.

"माझ्या मुलीने विचारलं आहे," ते म्हणाले. "उत्तर देतो. माझ्या वडिलांना आडनाव नव्हतं. मला शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी विचारलं, आडनाव? वडील म्हणाले, तुम्हीच घाला काय ते. मास्तरांनी जरा विचार केला आणि घातलं. आमच्या वस्तीतली जी जी पोरं आली, सगळ्यांना तेच एक."

"नंबर दिल्यासारखं," शोभामावशी हळूच म्हणाल्या.

"तसंच. पुढे आयुष्यभर जो भेटला त्याने ते विचारलं, ऐकलं आणि माझा हिशोब करून मोकळा झाला. मी नोकरीत आलो आणि ते काढून टाकलं. लाजून नाही. ते माझं नव्हतंच. दुसऱ्याने चिकटवलेली चिठ्ठी मुलीच्या कपाळाला कशाला लावायची, असं माझं म्हणणं होतं."  त्यांनी मागचे हात पुढे घेतले. "अजूनही आहे. पण तिने लिहिलं आहे की तिला सोडायलाही मिळालं नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही."

आणि त्यांनी ते सांगितलं. एकदाच, सरळ.

मी ते इथे लिहीत नाही. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण वाचल्यावाचल्या ज्याचा हिशोब सुरू होतो त्याची सोय मी का करू? मी ते लावलं नाही, आजही लावत नाही. फरक एवढाच की पूर्वी मला सांगता येत नव्हतं, आता मी सांगत नाही.

 मग कमलकाकू पुढे सरकल्या. त्यांचे डोळे बारीक झाले होते.

"दादा, थांबा. तो मास्तर छत्री घेऊन शिकवे का? उन्हाळ्यातही?"

बाबा चपापले. "हो."

"नदीपल्याडची शाळा?"

"हो, पण..."

"अन् वस्तीत शिरलं की पयलं घर पेंटरचं? निळ्या दरवाज्याचं?"

"तो माझा चुलतभाऊ."

"तो माह्या बहिनीचा नवरा होय!" कमलकाकू किंचाळल्याच. "अवो बाई! माही सख्खी मोठी बहीन त्या घरात देली! अन् हा मानूस मले सांगते, नागपूरकडे! अर्धा मुलूख नागपूरकडे हाये! इतके वर्सं तुमच्या डोक्यावर राह्यली मी, तुमच्या घरची साखर नेली, अन् तुम्ही भाऊजी लागता हे मले आज कळून राह्यलं?"

मग जो गोंधळ झाला त्याला तोड नाही. कोण कुणाचा कोण हे काढायला सगळ्या बायका सरसावल्या. मास्तरने ते आडनाव आणखी कुणाकुणाला दिलं, कोणाची मुलगी कुठे दिली, पेंटरला मुलं किती. एका छत्रीवाल्या मास्तरच्या लहरीने जोडलेली माणसं, आणि त्यांचा गोतावळा आमच्या बैठकीत मिनिटभरात उभा राहिला. बाबा मधोमध खुर्चीवर बसले होते. आयुष्यभर जे टाळलं त्याने त्यांना चहूकडून घेरलं होतं, आणि घेरणाऱ्यांच्या हातात पाटवडीच्या बशा होत्या. "भाऊजी, घ्या! लाजता काय आता? साळीच्या हातचं खा लागते," म्हणत कमलकाकूंनी त्यांच्या बशीत कोपऱ्यातली मोठी वडी टाकली. वडी खरं तर आईने केलेली होती, पण त्या दिवशी काकूंची चूक दाखवायची कुणाची हिंमत नव्हती. शोभामावशी मला चिमटा काढून म्हणाल्या, "बघ, तुझ्या कल्हईवाल्याला चौकात एकही साळी भेटली नाही, तिथेच चुकलं त्याचं."

तोवर कमलकाकूंनी फोन लावला होता. बहिणीशी दोन वाक्यं ओरडून बोलल्या, "नवऱ्याले दे, दे लवकर," म्हणाल्या, आणि फोन स्पीकरवर टाकून बाबांच्या हातात कोंबला.

"कोन?" पलीकडून म्हाताऱ्याचा जाड आवाज आला.

"प्रकाश."

"कोन प्रकाश?"

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग, मगाशी सभेत बोलताना जे सरळ पण कोरडं आलं होतं, तेच आडनाव त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी विचारणाऱ्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

पलीकडे खाट करकरली. मग, "पक्या? अबे, जिता हायेस तू?"

बाबांनी चष्मा काढला. माझ्या पत्रकातून एक गावठी शब्द कधी जाऊ न देणारा तो माणूस, फोन तोंडाजवळ नेऊन, मी जन्मात न ऐकलेल्या आवाजात म्हणाला, "हाव ना बे. जिता हाय. तू कसा हायेस, सांग."